पाटावरची फौज

आमची सून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात एक निळा पत्र्याचा डबा होता. त्याला कोणी हात लावायचा नाही, असं तिने पहिल्याच आठवड्यात, अगदी गोड आवाजात, सगळ्यांना सांगून टाकलं. मला वाटलं, दागिने असतील. पुढे एकदा तिने तो माझ्यासमोर स्वतःच उघडला. आत करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या, आणि चौकटींना चिकटलेले हात, पाय, मुंडकी, बंदुका. सगळं करंगळीच्या पेरात मावेल एवढं.

"हे काय गं?"

"फौज आहे, आई. जोडायची आणि रंगवायची."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवलेली बाई. पोरांचे खेळ मला नवे नाहीत. पण घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या, इंजिनिअर झालेल्या सुनेच्या डब्यातून शिपाई निघावेत, हे माझ्या पचनी पडायला वेळ लागला.

तिने खेळ समजावला, तो मला कळला तसा सांगते. हा टेबलावर दोघांनी खेळायचा लढाईचा खेळ. काळ फार पुढचा, माणूस दुसऱ्या ग्रहांवर पोहोचलाय आणि तिथेही भांडतोय, असा. भांडायला एवढ्या लांब कशाला जायचं, असं मी विचारलं तर ती हसली. प्रत्येकाची आपापली फौज असते. मोजपट्टीने अंतर मोजून शिपाई पुढे सरकवायचे, फासे टाकायचे आणि कोण पडला, कोण राहिला ते ठरवायचं. फौज विकत मिळते ती मात्र सुटी आणि बिनरंगाची. तिला जोडणं, रंगवणं आणि प्रत्येक शिपायाच्या पायाखालच्या चकतीवर जमीन तयार करणं, हे ज्याचं त्याने करायचं. ती म्हणाली, "खरं सांगू का आई, मला लढाईपेक्षा हेच आवडतं."

आवडणं वेगळं आणि ते रोज करणं वेगळं. मी तिला रोज करताना पाहिलं. सकाळी कंपनीचं काम सुरू व्हायच्या आधी ती मागच्या खोलीच्या खिडकीशी बसायची, कारण तिथे उजेड सरळ येतो. शिपाई एका रिकाम्या औषधाच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवलेला, बाटली डाव्या हातात, उजव्या हातात चार केसांचा ब्रश. रंग पाण्यात इतका पातळ करायची की पहिला हात दिल्यावर काही दिलंय असं वाटायचंच नाही. तो वाळला की दुसरा. मग तिसरा. मी म्हणायचे, "अगं, एकदाच जाड दे आणि मोकळी हो." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, की जाड रंगाखाली चिलखताच्या कडा बुजतात. ब्रश टेकवताना ती श्वास रोखायची आणि उचलल्यावर सोडायची. मी दारातून भाजी निवडता निवडता बघत बसायचे, आणि कधी कधी माझाही श्वास रोखला जायचा.

तिची सगळी फौज पांढरी होती. माझ्या मनात आलं ते मी विचारलं, "पांढरा कशाला? मळखाऊ रंग घ्यायचा."

"काळ्यात चुका लपतात, आई. पांढऱ्यात कुठेच लपता येत नाही. म्हणून."

त्या दिवसापासून मी तिच्या कामाला खेळ म्हणणं सोडून दिलं. शेजारीण मात्र सोडायला तयार नव्हती. "तुन्ही सून बाहुल्या रंगाडस म्हणे," असं तिने ओट्यावर सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, "हो, रंगाडस. तुन्ही काय करस?" पुढे तिने विषय काढला नाही.

पायाखालची जमीन करायची वेळ आली तेव्हा मात्र आमचं वाजलं. माझी पीठ चाळायची चाळणी सापडेना. बघते तर सूनबाई मागच्या अंगणात त्याच चाळणीने गोमाई नदीची वाळू चाळतायत. मी बोलले, चांगलं बोलले. तिने चाळणी घासून पुसून परत दिली, संध्याकाळी नवी आणून दिली, आणि दुसऱ्या दिवशी तीच वाळू माझ्या तव्यावर भाजायला घेतली. वाळूत किड्यामुंग्यांची अंडी असतात म्हणे, ती भाजली नाहीत तर शिपायांच्या पायाखालून मुंग्या निघायच्या. घरभर नदीकाठच्या चिखलाचा वास सुटला. तवाही मग तिच्याच नावावर करून टाकला. पण ती वाळू गोंदावर पसरून, वर पातळ काळा रंग सोडून, कोरड्या ब्रशने फक्त उंचवटे उजळवल्यावर तिथे खरोखरची पडीक जमीन दिसायला लागली. तीन बोटांत धरता येईल एवढी जमीन, पण त्यातून चालत जावंसं वाटेल अशी. कपाशीच्या वाळक्या काड्यांचे तुकडे तिने उन्मळून पडलेली झाडं म्हणून लावले. मी चाळणीचा राग विसरून गेले.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, या सगळ्यात कुठेच नव्हते. ते मुळात कमी बोलणारे. केळी आणि कापूस यांच्याशी त्यांचं जेवढं बोलणं होत असेल तेवढं घरात होत नाही. सुनेशी त्यांचा संवाद म्हणजे "जेवण व्हयनं का?" एवढाच, आणि तिचं "हो आप्पा." मला वाटायचं, त्यांना हे आवडत नसणार, पण बोलायचा कंटाळा म्हणून बोलत नाहीत. एकदा मी उगीच कुरकुर केली, "दिवसभर ती आणि तिचे शिपाई." तर ते चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "ती काम करी ऱ्हायनी. करू दे." आणि त्याच आठवड्यात शेतातून येताना केळीच्या वाळक्या खोडाचे धागे घेऊन आले, तिच्या टेबलाच्या कडेला ठेवले आणि म्हणाले, "गवतले चाली का देख." सुनेने ते धागे सुईने विंचरून बारीक केले, चिमटीने लावले, आणि प्रत्येक शिपायाच्या पायाशी वाळलेल्या गवताचं झुपकं उगवलं. विकतचं गवत इतकं खरं वाटत नाही, असं ती त्यांना सांगायला गेली तेव्हा ते टॉवेल खांद्यावर टाकून शेताकडे निघालेले होते.

आता यात अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. खेळाला दोघं लागतात आणि शहाद्यात ती एकटी. माझा मुलगा ठिबकच्या दुकानात दिवसभर उभा असतो. एकदा तिच्या समाधानासाठी खेळायला बसला आणि नियमांच्या दुसऱ्या पानावर पेंगला. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी तिची फौज कधी लढायला उतरली नव्हती. मग तिला मोबाइलवर कळलं की सुरतेला हा खेळ खेळणारी मंडळी आहेत आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी ती एका हॉलमध्ये जमणार आहेत. तिलाही बोलावणं आलं. अट अशी की फौज पूर्ण रंगवलेली हवी, पायाखालच्या जमिनीसकट. अर्धवट शिपाई टेबलावर चालणार नाही.

मला सांगायला ती स्वयंपाकघरात आली. "आई, इथे आल्यापासून मी या विषयावर कुणाशी समोरासमोर बोललेच नाहीये. तिकडे सगळे तेच बोलणारे असतील."

मला तेव्हा कळलं की तिला या घरात काय कमी पडत होतं. आम्ही तिला काही कमी पडू दिलं नव्हतं, आणि तरी पडत होतं. मी म्हटलं, "तू जायचंस. आणि सोबत मी येते."

दसऱ्याच्या आधी फौज तयार झाली. फक्त वार्निश राहिलं होतं. रंगावर वार्निशचा हात बसला की मग बोटं लागली, पाणी लागलं तरी काही होत नाही. पण हवेत ओल असताना ते मारलं तर रंगावर पांढुरकी साय धरते, आणि त्या साली पाऊस हटता हटत नव्हता. चांगलं ऊन पडलं की मारू, असं म्हणून तिने थांबवलं होतं. खंडेनवमीच्या दिवशी ऊन पडलं. ती म्हणाली, "उद्या दसऱ्याला सकाळी मारते."

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. ती पूजा आमचे हेच करतात, दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. विळे, कोयता, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरची चावी, मुलाच्या हत्यारांची पिशवी, आणि मी निवृत्त झाले तरी माझी शाळेतली लाकडी पट्टी, सगळं पाटांवर मांडतात. ओली हळद, ओलं कुंकू, फूल, दिवा. एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत कोणी अवजार उचलायचं नाही, कामाला लावायचं नाही. आमच्याकडे हे कडक आहे. एके वर्षी पंप लागणार होता तरी यांनी शेजारून मागून आणला होता, पण पाटावरचा उचलला नाही.

त्या दिवशी सुनेची सकाळची मीटिंग लांबली. मी स्वयंपाकघरात. आम्ही दोघी बाहेर आलो तेव्हा पूजा झालेली होती. एका वेगळ्या पाटावर, नवं कापड अंथरून, सुनेचे ब्रश, रंगाच्या बाटल्या आणि तिची अख्खी पांढरी फौज रांगेत उभी होती. प्रत्येक शिपायाला हळद आणि कुंकू.

पाण्यात कालवलेली हळद आणि कुंकू. वार्निश न मारलेल्या पांढऱ्यावर.

हळद शोषली गेली होती, तिचे पिवळे ओघळ चिलखतावरून खाली आले होते. कुंकू कुणाच्या कपाळाला, कुणाच्या कानाला, एकाच्या तर छातीवरून कमरेपर्यंत. यांचं बोट शेतकऱ्याचं, आणि शिपायाचं डोकं तुरीच्या दाण्याएवढं. सून दारात उभी राहिली आणि बघत राहिली.

हे उदबत्ती लावत होते. वळून तिला म्हणाले, "घरमा बठ्ठासना हत्यारे पाटवर शेत, बेटा. तुन्हा काबर नकोत?"

घरातल्या सगळ्यांची हत्यारं पाटावर आहेत, मग तिचीच का नकोत? इतकं मोठं वाक्य ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलले असतील.

माझा पारा चढला. मी तोंड उघडणार तेवढ्यात सुनेने माझं मनगट धरलं, घट्ट. मग ती पुढे झाली, पाटासमोर वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "छान केलंत, आप्पा."

ते समाधानाने बाहेर गेले. मी तिला म्हटलं, "उचल ते आत्ताच. मी बघते त्यांच्याकडे. ओलं आहे तोवर पुसलं तर निघेल." तिला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण ती म्हणाली, "नाही आई. आज उठवायचे नसतात ना. त्यांनी पहिल्यांदाच मला धरलंय त्यात." आणि ती आत जाऊन कामाला बसली. पलीकडच्या खोलीत तिचं वर्षभराचं काम दिव्यासमोर पिवळं पडत होतं आणि ती संगणकावर कुणाला तरी शांतपणे हिशेबाची चूक समजावत होती. मी दोन-तीनदा पाटापर्यंत गेले आणि परत आले. मला एवढं धरून राहता आलं नसतं. त्या दिवशी मला सुनेचा फार अभिमान वाटला, आणि यांचा राग आला, आणि यांच्यावर रागावताही येईना.

दसऱ्याला पूजा उतरल्यावर आम्ही दोघींनी फौज सुपात घेतली आणि गच्चीवर नेली. हळदीचा डाग उन्हात जातो, हे कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. ऊन कडक होतं. दुपारपर्यंत पिवळं फिकं झालं आणि मग बघता बघता नाहीसं झालं. कुंकू मात्र तसंच. मधेच हे पाण्याची टाकी बघायला वर आले. सुपात रांगेने उभे असलेले शिपाई बघून थांबले.

"ऊन देतेय, आप्पा," सून म्हणाली. "जरा ओल लागली होती."

"बरं," म्हणाले आणि खाली गेले. जेवताना त्यांनी दुसरी पुरणपोळी नको म्हटलं, तेव्हा पोटाचं काहीतरी असेल असं मी समजले.

संध्याकाळी तिने एका शिपायाचं कुंकू ओल्या कापसाने टिपून पाहिलं. कुंकवाबरोबर पांढराही निघाला आणि खालचं करडं प्लॅस्टिक दिसायला लागलं. सगळ्यांना पुन्हा पांढरं करायचं तर पातळ हातावर हात, मधे वाळायचा वेळ, आणि रविवार तोंडावर आलेला. ती हात मांडीत घेऊन बसली. मी म्हटलं, "राहू दे गं. पुढच्या वर्षी जाऊ." ती म्हणाली, "जायचंय," आणि लाल रंगाची बाटली उघडली.

तिने काय केलं ते मी समोर बसून पाहिलं. जिथे जिथे यांचं बोट टेकलं होतं, तिथेच, तेवढंच, तिने लाल रंगाने नीट रेखलं. पसरट डाग होता तिथे धारदार कडेचा टिळा आला. कानावर लागलं होतं ते कानावरच ठेवलं. छातीवरून कमरेपर्यंत ओघळ आलेल्याला तिने वरून खालपर्यंत एक सरळ लाल पट्टा दिला, आणि तोच सगळ्यांत रुबाबदार दिसायला लागला. एकाचा टिळा दुसऱ्यासारखा नाही. आधी ती एकसारख्या शिपायांची रांग होती, आता त्यात माणसं दिसत होती. मी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या. चूक दिसली की खाली लाल रेघ, एवढंच मला येत होतं. लाल रंगाचं असंही काही करता येतं, हे मला माझ्या सुनेने दाखवलं.

शनिवारी कडक उन्हात वार्निश बसलं. रविवारी पहाटेच्या एसटीने नंदुरबार आणि तिथून सुरतेची गाडी. निळा डबा मी मांडीवर धरला होता, तिला धरू दिला नाही.

हॉलमध्ये सगळी तरुण मुलं आणि थोड्या मुली. मोठमोठी टेबलं, त्यावर पडक्या इमारती, खड्डे, डोंगर. पहिला तासभर मी भांबावून बसले. सुनेने फौज मांडली तशी दोघं-चौघं जवळ आली. एक चष्मेवाला मुलगा खाली वाकून, डोळा टेबलाला लावून कितीतरी वेळ बघत राहिला. केळीच्या गवताला त्याने हलकेच बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "ये लाल निशान हर एक का अलग है. किसने बनाया?"

"मेरे ससुरजी ने," सून म्हणाली.

"वो भी पेंट करते हैं?"

"साल में एक बार."

तो गंभीरपणे मान हलवत राहिला. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली, नाहीतर हसू फुटलं असतं.

लढाईत ती हरली, आणि चांगलीच हरली. फासे तिच्या बाजूने पडायला तयारच नव्हते. पण हरताना ती जितकी बोलत होती, हसत होती, हात हलवून भांडत होती, तितकी मी तिला आमच्या घरात कधी पाहिली नव्हती. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली. आता दर महिन्या-दोन महिन्यांनी ती सुरतेला जाते, आणि कधी कधी तिकडची मंडळी आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठी मी शेवभाजी करते आणि त्यांचं नाक वाहायला लागलं की ताक देते.

घरी आलो तेव्हा यांनी ओट्यावरूनच विचारलं, "जमनं का?"

"जमलं, आप्पा."

एवढ्यावर ते संपलं, असं आम्ही दोघी धरून चाललो. कुंकवाबद्दल त्यांना कोणी काही बोललं नाही. मुलालाही आम्ही बजावून ठेवलं होतं.

पुढच्या खंडेनवमीला सुनेने स्वतःच पाट पुसला, कापड अंथरलं आणि फौज मांडली. वर्षभरात नवे शिपाई आले होते, त्यांनाही तिने लाल टिळे काढले होते, प्रत्येकाला वेगळा. सगळ्यांवर आधीच वार्निश. मी मनात म्हटलं, चला, या वर्षी कितीही हळद लावू देत.

यांनी ताट घेतलं. विळ्यांना लावलं, पंपाला लावलं, चावीला, माझ्या पट्टीला. मग सुनेच्या पाटासमोर बसले. कुंकवात बुडवलेलं बोट पुढे नेलं आणि मधेच थांबवलं.

"लावू का, बेटा?" ते म्हणाले. "मांगला साले रंग खराब व्हयना व्हता ना."

मी सुनेकडे बघितलं आणि तिने माझ्याकडे. म्हणजे गच्चीवर त्यांनी सुपाकडे पाहिलं तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. वर्षभर त्यांनी ते पोटात ठेवलं. आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून. ज्या माणसाने खंडेनवमीला कधी कोणाला काही विचारलं नाही, तो सुनेपुढे ओलं बोट धरून परवानगी मागत होता.

सुनेचे डोळे भरून आले. ती त्यांच्याशेजारी खाली बसली आणि मागच्या रांगेतून, अजून बाटलीच्या झाकणावरच असलेला एक शिपाई उचलून पुढे ठेवला. फौजेचा सेनापती, सगळ्यांत नवा, सगळ्यांत पांढरा. त्याचं कपाळ कोरं होतं. हे मलाही माहीत नव्हतं.

"लावा ना, आप्पा," ती म्हणाली. एव्हाना ती मोडकीतोडकी आमची बोली बोलायला लागली होती. "बठ्ठासले वार्निश मारेल शे. हाऊ एकच तुमनासाठे ठेयेल शे."

बाकी सगळ्यांना वार्निश मारलं होतं, हा एकच तिने त्यांच्यासाठी ठेवला होता. यांनी बोट टॉवेलला पुसलं. मग नखाच्या टोकावर येईल एवढंच कुंकू घेतलं, बाटलीच्या झाकणावरचा तो शिपाई ती धरते तसा डाव्या हातात धरला आणि श्वास रोखला. टिळा जरा डावीकडे गेला. सुनेने तो तसाच ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरल्यावर त्यावर वार्निशचा हात मारला.